फक्त बायकांसाठी

व्हर्जिल ओटनबर्गला वेड होतं जुन्या ‘आरोग्यपटां’चं. नाव आरोग्याचं, पण आजोबांच्या काळात तिकिटं खपायची ती बाळंतपणाबिळंतपणाच्या, चोरून ऐकायच्या गोष्टींवर! बायकांचा खेळ दुपारी, पुरुषांचा संध्याकाळी, आणि कुणाला भोवळ आलीच तर दाराशी नर्स हजर. त्यातल्या ‘एडिथला ठाऊक नव्हतं’चं शेवटचं रीळ कुठल्याच संग्राहकाकडे नव्हतं. अर्धं ओहायो पालथं घातल्यावर ते व्हर्जिलला एका कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलं.

“घरीच लावून बघ की,” बायको डोरिन म्हणाली.

“घरी? छे! थिएटरात, जुन्या थाटात!”

मग काय! गावातलं बंद थिएटर उघडलं. जुन्यासारखंच पोस्टर छापलं: ‘दुपारी फक्त बायकांसाठी. पुरुष दिसल्यास हाकलून देऊ.’ जन्मभर बेकरीत केक विकलेल्या लव्हर्न मावशीला पांढरा गणवेश चढवून नर्स केलं. बाहेरगावचे संग्राहक संध्याकाळी यायचे होते.

दुपारी दोन-चार म्हाताऱ्या येतील असं त्याला वाटलं होतं. आल्या गावातल्या झाडून सगळ्या बायका, पॉपकॉर्नसकट! व्हर्जिल सिनेमाच्या मशीनपाशी उभा राहिला आणि एकच गिल्ला झाला.

“अगं, पुरुष! पुरुष!”

“मी मशीनवाला आहे!”

“मशीनवाल्याला मिशा आहेत,” लव्हर्न मावशीने त्याचा दंड धरला. “नीघ.”

“मावशी, नियम मीच केलाय ना!”

“मग पाळ की!”

मशीन डोरिनकडे आलं. व्हर्जिल बाहेर दाराला कान लावून बसला. आधी शुकशुकाट, मग एक किंकाळी, मग असं हसणं की दाराच्या कड्या खुळखुळल्या.

खेळ संपला. डोळे पुसत डोरिन बाहेर आली. हातात पॉपकॉर्नची बादली.

“रागावू नकोस हं. रीळ फारच वाळलेलं होतं. इकडून आत जात होतं आणि तिकडून शेव पडत होती.”

व्हर्जिलने बादलीत पाहिलं. काळी, चुरचुरीत शेव.

“अगं, मग थांबवलं का नाहीस?”

“कसं थांबवणार? एडिथ नेमकी डॉक्टरच्या दारात उभी होती!”

व्हर्जिल धाडकन आडवा झाला.

“आली! आली भोवळ!” लव्हर्न मावशी हुंगवायची बाटली घेऊन आनंदाने धावली. सगळ्या बायका भोवती गोळा झाल्या.

व्हर्जिलने एक डोळा उघडला. “मावशी... एडिथचं शेवटी काय झालं गं?”

मावशीने बायकांकडे पाहिलं. बायकांनी नकाराच्या माना हलवल्या.

“बाळा,” त्याच्या कपाळावरून हात फिरवत मावशी म्हणाली, “पोस्टर वाच.”