सिद्रामप्पांना न पटलेला शेवट

सिद्रामप्पा पुस्तक परत करायला आले की शेवटच्या पानाबद्दल मला जाब विचारत. वाचनालयात मी नुसता पुस्तकं देण्याघेण्याचं काम करी. पण त्यांच्या लेखी सगळ्या लेखकांचा मुखत्यार मीच.

"मास्तर, खून मामानं केला हे बरोबर हाय. पण बरं न्हाय की. भाचीचं लगीन तरी होऊ द्यायचं हुतं."

'बरोबर हाय, पण बरं न्हाय' हा निकाल ते वैद्याच्या काढ्यालाही लावत आणि व्याह्यांच्या पत्रालाही. भवानी पेठेत त्यांचं खणांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं पसंत केलेला खण ते स्वतःच बाजूला सारत. "रंग बरोबर हाय, पण तुमच्या पोरीला बरा न्हाय." गिऱ्हाईक पुष्कळदा शेजारच्या दुकानात जाई.

गावात बोलपट नुकते आले होते, त्या सुमाराला वाचनालयात एक जाडजूड रहस्यकादंबरी आली. एका बाईला माळ्यावर पावलं ऐकू येतात. घरचे म्हणतात भास. वाचकाला वाटतं, नवऱ्याचाच डाव. शेवटी कळतं, माळ्यावर कधीच कुणी नव्हतं. नवरा निर्दोष, बाईचंच मन आजारी. तिला वेड्यांच्या इस्पितळात सोडून गाडी माघारी फिरते आणि पुस्तक संपतं.

सिद्रामप्पांनी ते दोन दिवसांत वाचलं आणि पुस्तक न आणताच भांडायला आले.

"लेखक लई हुशार. शेवटपातुर मला नवऱ्याचाच संशय. परत मागं जाऊन बघितलं, एक धागा सुटलेला न्हाय. पण मास्तर, गाडी माघारी कशी फिरवली त्यानं? बाई घरी यायला पायजे हुती."

"मग रहस्याची मजा काय राहिली?"

"मजा ऱ्हाऊ दे की. तितं घाबरली तर हाक कुणाला मारायची तिनं?"

वर्तमानपत्र वाचणारे दोघे पेपर खाली ठेवून आमचंच ऐकू लागले. मी विषय बदलला. "पुस्तक कुठंय?"

"आणतो की उद्या."

त्या उद्याला महिना झाला. अकरा वाचक पुस्तकासाठी ताटकळले होते. एका रविवारी दुपारी मीच त्यांच्या घरी गेलो.

सोप्यात त्यांच्या पत्नी नीलव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर सिद्रामप्पा मांडीवर तीच कादंबरी घेऊन मोठ्यानं वाचत होते, मराठीचं कानडी करत. मला कानडी कामापुरतं कळे. जवळ गेलो तर पुस्तक शेवटच्या कोऱ्या पानावर उघडं होतं आणि त्या पानावर बोट फिरवत ते वाचतच होते. कादंबरीतली बाई बागेतली वांगी तोडत होती. नवरा तिच्या हातची भाकरी नावाजत होता.

मला पाहून ते ओशाळले. तेवढ्यात नीलव्वांनी मान वर करून छताकडे पाहिलं. "वर कोन तरी चालतंय," त्या म्हणाल्या.

"बघून येतो," म्हणत सिद्रामप्पा लगेच उठले आणि शिडीवरून माळ्यावर गेले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "नऊ वर्सं झाली. पै-पावणे म्हणतात, हिला इस्पितळात ठेवा."

आम्ही दोघंच उरलो. नीलव्वा माझ्याकडे टक लावून पाहत होत्या.

"मास्तर, तुमी वाचलंय न्हवं? त्या बाईचं शेवटाला काय हुतंय?"

वर चाललेली पावलं थांबली. सिद्रामप्पा ऐकत होते.

"घरी येते," मी म्हणालो. "नवरा स्वतः जाऊन घेऊन येतो."

नीलव्वांनी सावकाश श्वास सोडला. "ह्यांनी बी तसंच सांगितलं. मला वाटलं, माज्यासाठी म्हणून सांगत्यात."

 मग सिद्रामप्पा शिडी उतरून आले. त्यांच्या टोपीला जळमटं लागली होती. नीलव्वा उठल्या आणि पदरानं ती झाडू लागल्या. ते लहान मुलासारखे मान खाली करून उभे राहिले.

मी पुस्तक न मागताच निघालो.