गोल, चौकोन आणि डावखुरी रेघ

माझ्या फिल्ममध्ये माणूसच नाही, तर भांडण होणार कुणाचं? असं मी घानातल्या आमच्या अख्ख्या कुमासी शहरात छाती ठोकून सांगत फिरले होते! फिल्म महोत्सवाची अटच तशी होती: देशातल्या प्रत्येकाला पडद्यावर आपण दिसलो पाहिजे. म्हटलं, चेहरे नकोत, कपडे नकोत, भाषा नको. नुसते आकार नाचवायचे! गोल, चौकोन, त्रिकोण आणि एक वाकडी रेघ. कुणाच्या बापाला नावं ठेवता येणार नाहीत!

बाप आले. निवड समिती म्हणे! यांनी मान डोलावली तर उद्घाटनाला माझी फिल्म, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. मधोमध कोनाडू बाई. शाळेत मला यांनीच शिकवलं. अजूनही त्या समोर आल्या की माझे हात आपोआप पाठीमागे जातात.

फिल्म संपली. मी टाळ्यांची वाट बघतेय, तर पूर्वेच्या व्होल्टा भागातले सेलोर्मदादा तळलेली केळी चघळत म्हणाले, "त्रिकोण म्हणजे आम्ही, बरोबर?"

"नाही हो! त्रिकोण म्हणजे त्रिकोण!"

"मग कडेला का उभा केलाय? नेहमी आम्हीच कडेला!"

"तुम्ही निदान वेळेवर तरी येता," तमालेचे इद्रिसूभाई तडकले. "आमचा चौकोन बघा, सगळ्यांत शेवटी! उत्तरेत रस्ता उशिरा, वीज उशिरा, आता चौकोनसुद्धा?"

"अहो, पण चौकोन तुमचा कुणी केला?"

ऐकतंय कोण! माझं डोकं सटकलं होतं, पण उद्घाटन डोळ्यांपुढे होतं. राग गिळून संगणकापुढे बसले. त्रिकोण मध्ये घेतला, तर गोल कडेला गेला म्हणून कोनाडू बाई फुरंगटल्या. "गोल म्हणजे आपण अशांती जमातीचे लोक. आपल्याच गावात आपण कोपऱ्यात?" गोल मोठा केला, तर इद्रिसूभाईंना चौकोन उपाशी दिसायला लागला! चौकोन फुगवला, तर सेलोर्मदादांना त्रिकोणाची टोकं खुपली. "आम्ही काय भांडखोर आहोत?" शेवटी सगळे एकाच मापाचे, एकाच रंगाचे, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ओळीत बसले.

"आता कसं!" तिघंही खूश.

"एकच राहिलं," कोनाडू बाईंनी चष्मा वर सरकवला. "ही वाकडी रेघ. डावीकडून घुसते आणि सगळ्यांना भेटत सुटते! बसलेल्या माणसांना उजवीकडून भेटत यायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुणाची आहे ही?"

"आमच्यात असलं वळण नाही," सेलोर्मदादा म्हणाले.

"आमच्यात तर मुळीच नाही!" इद्रिसूभाईंनी हात झटकले.

तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "काढून टाक!"

"हात लावायचा नाही तिला!" मी टेबलावर मूठ आपटली. डावी. "गोल घ्या, चौकोन घ्या, वाटून घ्या मेले! रेघ म्हणजे मी आहे! डाव्या हाताने लिहिते म्हणून तुमच्या पट्ट्या खाल्ल्यात मी, बाई! आपल्यात घ्या म्हणून ती बिचारी एकेकाला भेटतेय, आणि तुम्ही तिलाच हाकलताय?"

सेलोर्मदादांचं केळं हातातच राहिलं.

"पण आकार कुणाचेच नव्हते ना?" इद्रिसूभाईंनी हळूच विचारलं.

पकडले गेले मी! मूठ मात्र टेबलावरून उचलली नाही!

कोनाडू बाईंनी माझ्या मुठीकडे बघितलं. "बिरागो," त्यांचा आवाज चक्क मऊ झाला, "राहू दे तिला." मला हुंदका येणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "फक्त उजवीकडून आण!"

फिल्म उद्घाटनाला लागली. रेघ अगदी शहाण्यासारखी उजवीकडून येते. ती दुरुस्ती मी दातओठ खात केली, डाव्या हाताने. बाईंना सांगू नका!