उपलब्ध उजेडातलं रिसेप्शन

“वहिनी, मला पोरीचं तोंड नीट बघायचंय. हॉल, हार, पाहुणे राहू देत तिकडेच. तेवढं तोंड दाखवा म्हणजे झालं.” माझ्या नणंदबाई अंथरुणातून म्हणाल्या. खुब्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना रिसेप्शनला येता येणार नव्हतं, आणि नवरीला, म्हणजे माझ्या पुतणीला, लहानाची मोठी केली होती ती त्यांनीच. मी म्हटलं, “दाखवते वन्सं. शब्द दिला.”

माणसाचं लग्न दोनदा होतं. एकदा लोकांसमोर, एकदा पडद्यावर. पहिलं झालं की कायद्याचं समाधान होतं. नातेवाइकांचं दुसऱ्याशिवाय होत नाही. त्यामुळे ते काम जाणत्या हाती द्यावं असं सर्वानुमते ठरलं, आणि नवऱ्या मुलाचा मावसभाऊ दिग्दर्शक म्हणून नेमण्यात आला. (कुणाला नावं ठेवायची नाहीत हा माझा रोजचा नेम आहे. म्हणून इथे फक्त गुण सांगते.)

दिग्दर्शकाची तत्त्वं दोन. एक, कॅमेरा हातातच धरायचा. स्टँडवर ठेवला की तो मरतो. दोन, जो उजेड आहे त्यातच भागवायचं. विजेचा दिवा खोटं बोलतो. तेव्हा हॉलमधले बेचाळीस दिवे सत्याच्या बाजूने बंद करण्यात आले. उजेडाला एकच खिडकी उरली. ती फ्रेममध्ये हवी म्हणून नवरा-नवरीला तिच्याकडे पाठ करून बसवलं. दोन अत्यंत घरंदाज सावल्या तयार झाल्या.

“आजोबा, नैसर्गिक हसा,” दिग्दर्शक म्हणाला. “नाही नाही, इतकं नाही. परत.”

“अरे बाबा, मघाशी मनापासून हसलो होतो, तेव्हा कुठे होतास?”

“तेव्हा मी बुटाचा शॉट घेत होतो.”

आजोबा चौथ्या खेपेला नैसर्गिक हसले. अंधारामुळे काही किरकोळ गैरसोयी झाल्या, पण कलेपुढे त्या काय! काळा कोट घातलेल्या वाढप्याला सात जणांनी ‘सुखाचा संसार करा’ म्हणून आशीर्वाद दिले. त्याने सातही वाकून घेतले. हल्ली तो स्थळं बघतोय म्हणे.

तीन आठवड्यांनी फिल्म आली. दोन तास अकरा मिनिटं. वन्संच्या घरी जाऊन त्यांना उशा लावून बसवलं आणि ती लावली. तपशील असा: पाठी व खांदे, अठ्ठावन्न मिनिटं. निव्वळ अंधार, एकतीस. छत, सतरा. ट्रे, चौदा. कुणाचा तरी डावा बूट, अकरा (हा विरह आहे, असं दिग्दर्शकाने फोनवर समजावलं). उरले काही सेकंद. त्यातले चार नवरीच्या तोंडाचे, तेही आइस्क्रीमच्या वाटीमागून. कॅमेरा इतका जिवंत होता की वन्संनी दोनदा पलंगाची कड धरली.

फिल्म संपल्यावर त्यांनी पाठीची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, “जाऊ दे. तुम्ही होतात ना तिथे? तुम्हीच सांगा, कशी दिसत होती?”

मी होते, पण वन्संना दाखवायचं म्हणून पूर्णवेळ फोन डोळ्यांसमोर धरून होते. माझ्या चित्रात पुढच्या बाईचा फोनच आला, तिच्या चित्रात तिच्या पुढच्याचा.

घरी येऊन मी अठरा पाहुण्यांना विचारलं. अठराही एका सुरात म्हणाले, “थांबा, व्हिडिओ पाठवतो.” सतरा जणांनी पाठवले; सगळ्यांत अंधार आणि पुढच्याचा फोन. (अठरावीचा फोन भरला होता, त्यामुळे तिचं लग्नाला येणं वाया गेलं.) डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार एकही निघाला नाही. दोनशे चाळीस माणसांच्या साक्षीने झालेला तो समारंभ साक्षीविनाच पार पडला, असं मी नम्रपणे नोंदवते.

पुतणी त्या दिवशी आमच्याकडे आली होती. दारात उभी राहून तिने माझं फोनवरचं सगळं बोलणं ऐकलं होतं.

“काकू, शब्द तुम्ही दिलात, पण तोंड माझं आहे,” ती म्हणाली. “आत्याकडे मीच जाते.”

तिने आमच्याच कपाटात ठेवलेला रिसेप्शनचा पोशाख काढून घातला. केस तसेच बांधले. मला म्हणाली, “मागून हुक लावा, आणि फोन इथेच राहू द्या माझा.” भरदुपारी, लख्ख उन्हात, कुणालाही न सांगता ती जिना उतरू लागली.

जिन्यात तिला, वाचकहो, तुम्ही भेटलात. “अगंबाई, काय दिसतेस! थांब हं,” असं म्हणून तुम्ही खाली मान घालून फोन शोधू लागलात. तो सापडून वर बघेपर्यंत ती कोपऱ्यावरून वळली होती.