रकाना क्रमांक सात

आमची मुलगी जेवत नाही, ही बाब तिच्या आईने माझ्या निदर्शनास आणून दिली. तत्पूर्वी सुमारे चार महिने ती रोज माझ्यासमोर बसूनच जेवत नव्हती. परंतु मी जेवताना कार्यालयातले कागद वाचतो, त्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

मी नमुने तयार करतो, म्हणजे अर्जांचे नमुने. शाळा असो, दवाखाना असो की स्मशान, माणूस खिडकीशी उभा राहिला की त्याच्या हाती जो कागद पडतो, तो बहुधा आमच्या विभागातून गेलेला असतो. एकवीस वर्षांच्या नोकरीत माझा एकच आग्रह राहिला आहे: एकही रकाना रिकामा राहता कामा नये. रिकामा रकाना मला लांबूनही दिसतो. "आणि पोरीचं पोट रिकामं दिसलं नाही ते?" असे हिने विचारले. (मुलीच्या आईला मी घरात आणि या निवेदनातही 'ही' म्हणतो.)

मुलगी पंधरा वर्षांची. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची आणि जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून भिंतीकडे बघायची. विचारले की म्हणायची, "काही नाही हो बाबा." मला भीती वाटली. ती मी नेहमीच्या पद्धतीने कमी केली, म्हणजे योग्य कार्यालय कोणते याची चौकशी केली.

बाल व किशोर उपचार केंद्राची इमारत एकच होती, पण विभाग दोन. डावीकडे आहारविकार, उजवीकडे व्यसनमुक्ती, आणि मधल्या बोळात पाण्याचे यंत्र आणि एक लांब बाकडे. डाव्या खिडकीवरच्या बाईंनी मुलीला वजनकाट्यावर उभे केले, आकडा बघितला आणि मान हलवली.

"नाही बसत," त्या म्हणाल्या.

"काय नाही बसत?" हिने विचारले.

"निकषात. दाखल करून घ्यायला आकडा याच्या खाली लागतो. तुमची अजून बरीच वर आहे. आकडा पूर्ण करून आणा, लगेच घेतो."

"म्हणजे अजून उपाशी ठेवू हिला?"

"असं आम्ही म्हणत नाही, ताई. आम्ही फक्त आकडा सांगतो."

तेवढ्यात मुलगी खिडकीकडे वाकली. "किती कमी व्हायला हवं?" तिने विचारले. कित्येक आठवड्यांनी तिच्या आवाजात उत्साह ऐकू आला. चार महिने ती जे चोरून करत होती, त्याला आता सरकारी उद्दिष्ट मिळाले होते. बाई कागदावर आकडा लिहून देणार एवढ्यात हिने तो कागद त्यांच्या हातून ओढला आणि चुरगळून पर्समध्ये टाकला. मुलीला दंडाला धरून आम्ही बोळात आलो आणि बाकड्यावर बसलो.

समोरून व्यसनमुक्ती विभागाचे संचालक चालले होते. गोरेगोमटे, हसतमुख, शर्टाच्या खिशाला तीन पेने. त्यांच्याकडे वीस खाटा होत्या आणि अकरा रिकाम्या होत्या. तिमाही अहवाल जवळ आला की रिकाम्या खाटेकडे बघून माणसाचे काय होते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

"दाखल करायचंय का?" त्यांनी आपण होऊन विचारले. "काही सवय वगैरे आहे का हिला?"

"हो," मी म्हणालो. "न जेवायची."

"सुटत नाही?"

"नाही."

"लपवते? खोटं बोलते? कोणी बोललं की चिडते?"

"हो."

"मग साहेब, व्यसन याहून वेगळं काय असतं?" त्यांनी आनंदाने हात चोळले आणि आम्हाला आत नेले.

अर्ज हातात आला आणि माझी छाती अभिमानाने फुगली. नमुना माझा होता. आठ वर्षांपूर्वी मीच तो तयार केला होता. खिडकीवरचा कारकून कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "हा अर्ज ज्याने काढला ना, त्याला एकदा इथे बसवायला पाहिजे." मी विनयाने मान लववली.

रकाना क्रमांक सात: कशाचे व्यसन. खाली छापील यादी होती. दारू, तंबाखू, गोळ्या, हुंगण्याच्या वस्तू, आणि शेवटी 'इतर, वस्तूचे नाव लिहावे.' मी तिथे 'न जेवणे' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. कारकुनाने ते खोडले.

"वस्तूचं नाव पाहिजे. न जेवणे ही काय वस्तू आहे? उद्या मी तिच्याजवळून काढून काय घेऊ?"

"मग काय लिहायचं?"

"भानगड कशाची आहे? जेवणाची ना?" आणि त्याने लिहिले, 'जेवण.'

माझ्या लक्षात आले नाही, असे मी म्हणणार नाही. लक्षात आले होते. पण खाडाखोड दुसऱ्यांदा झाली की अर्ज बाद होतो आणि नवा अर्ज तीन दिवसांनी मिळतो, हा नियमही माझाच. तिकडे मुलगी भिंतीला डोके टेकून डोळे मिटून बसली होती. रकाना तर भरलेला होता. मी सही केली.

व्यसनमुक्तीचे पहिले तत्त्व असे, की रुग्णाला त्याच्या वस्तूपासून दूर ठेवावे. त्यानुसार मुलीच्या खाटेला लाल पाटी लागली: 'जेवण — सक्त मनाई.' वस्तू एकदम बंद केली तर त्रास होतो, म्हणून पहिल्या दिवशी वाटीभर सूप, दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी, मग चार चमचे, असा उतरता तक्ता आखण्यात आला. चौथ्या दिवशी संचालकांचा मला कार्यालयात फोन आला.

"साहेब, अशी रुग्ण मी उभ्या जन्मात पाहिली नाही. थरथर नाही, आदळआपट नाही, मागणी नाही. इतर पोरं हातापाया पडतात हो. ही म्हणते, चार चमचेसुद्धा नकोत."

खरे तर त्याच वेळी मी उठायला हवे होते. पण माझ्या टेबलावर जन्मनोंदणीचा सुधारित नमुना होता, आणि मुलीचे कौतुक ऐकले की कोणत्याही बापाला बरे वाटते.

भेटीचा दिवस नवव्या दिवशी आला. हिने डब्यात उकडलेले बटाटे, लोणी लावलेला पाव आणि केळी घेतली होती. दारावरच्या रखवालदाराने डबा उघडला आणि शिट्टी फुंकली. मेट्रन धावत आल्या. दोन साक्षीदारांसमोर पंचनामा झाला: पाव चार, बटाटे तीन, केळी दोन, पैकी एक पिकलेले.

"आईच पुरवठा करते," मेट्रन रखवालदाराला हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू.

आम्हाला सभागृहात नेले. तिथे मुले गोलाकार बसली होती आणि एकेक जण उभा राहून आपापल्या व्यसनाबद्दल बोलत होता. आमच्या मुलीची पाळी आली. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मला जेवण सोडून नऊ दिवस झाले," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालकांनी तिच्या स्वेटरला पितळी बिल्ला लावला. स्वेटर बिल्ल्याच्या वजनानेसुद्धा एका बाजूला ओढला गेला. सगळे टाळ्या वाजवत असताना फक्त एक पोरगी वाजवत नव्हती. डोके तुळतुळीत, नखे खाल्लेली, वय सोळा-सतरा. पंक्चरचे सोल्यूशन हुंगण्यासाठी ती तिसऱ्यांदा दाखल झाली होती आणि सगळे तिला टकली म्हणत. ती आमच्या मुलीकडे रोखून बघत होती.

ही माझ्याकडे वळली. "आत्ताच्या आत्ता घेऊन चला हिला."

मी संचालकांना रकान्यातली चूक सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. घरच्यांना असे शेवटच्या क्षणी वाटतेच, म्हणाले. मुदतीआधी घरी न्यायचे तर विनंती अर्ज, त्यावर सात दिवसांत निर्णय. दुरुस्ती हवी असेल तर दुरुस्ती अर्ज, पण तो रुग्ण बरा झाल्यावरच स्वीकारला जातो. ही अटही माझीच होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असे म्हणतात; इथे पखालीची मोजमापे मीच लिहून दिली होती.

"तुमचे अर्ज घाला चुलीत!" ही भर सभागृहात ओरडली. "माझी पोर मरतेय आणि तुम्ही बिल्ले लावताय!" मेट्रननी तिला पाणी दिले आणि नोंदवहीत लिहिले, 'आई: उत्तेजित.' मी विनंती अर्ज भरला. माझे अक्षर मलाच ओळखू येईना. पुढचे दोन दिवस ही केंद्राच्या दारासमोर पायरीवर बसून राहिली. मी रजा टाकली आणि तिच्या शेजारी बसलो.

बाराव्या दिवशी सकाळी आम्हाला तातडीने आत बोलावले. संचालक, मेट्रन आणि कारकून एका रांगेत, चेहरे सुतकी. हिने माझा हात घट्ट धरला.

"मन घट्ट करा," संचालक म्हणाले. "तुमची मुलगी... खाताना सापडली."

हिला रडू फुटले. "काय खाल्लं? किती खाल्लं?"

"लाजेनं सांगवत नाही," मेट्रन म्हणाल्या. "चार बिस्किटं. मूठभर शेंगदाणे. आणि हे तीन दिवस चाललंय. खाटेखाली चुरा सापडला."

"चार!" ही माझा खांदा गदागदा हलवत म्हणाली. "अहो, चार!"

"आम्हालाही असाच धक्का बसला," संचालक म्हणाले. "पुरवठा टकलीने केला. तिच्या स्वतःच्या वाट्याचं चोरून आणत होती."

अधिक चौकशीत कळले ते असे. टकलीला जेवणाची मनाई नव्हती, कारण तिचे व्यसन वेगळ्या वस्तूचे होते. ती आपल्या वाट्याचे अर्धे खिशात घालून आणायची आणि आमच्या मुलीच्या खाटेच्या कडेला बसून खायची. हे नंतर मुलीनेच सांगितले. "ती खा म्हणालीच नाही, बाबा. आई म्हणते, तुम्ही म्हणता, तशी नाही म्हणाली. बघतही नव्हती माझ्याकडे. नुसती बडबडत होती, आणि अर्धं माझ्या बाजूला ठेवत होती. पहिल्या दिवशी तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी एक घेतलं, तर तिला कळलंसुद्धा नाही." मला वाटते, तिला कळले होते.

नियमाप्रमाणे व्यसनाकडे परतलेल्या रुग्णास तत्काळ घरी पाठवतात. सात दिवसांची अट त्याला लागू नाही. फक्त एक हमीपत्र भरून द्यायचे होते: 'यापुढे माझ्या पाल्याच्या हाती ......... लागू देणार नाही.' कारकुनाने टिंबांच्या जागी बोट ठेवले.

मी पेन उचलले. टिंबांकडे बघत राहिलो. बाहेर बाकड्यावर मुलगी बसली होती आणि ही तिच्या केसांवरून हात फिरवत होती.

"भरा ना साहेब, रिकामं नाही चालत," कारकून म्हणाला.

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "तो नियम माझाच आहे." मग मी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर आलो. एकवीस वर्षांत प्रथमच मी एक रकाना रिकामा ठेवला. मागून कारकून हाका मारत होता. आम्ही तिघे टॅक्सीत बसलो.

केंद्राच्या तिमाही अहवालात आमच्या मुलीची नोंद 'उपचार अयशस्वी' अशी झाली. मुलगी अजून बरी झाली आहे असे मी म्हणणार नाही. काही दिवस जेवते, काही दिवस नाही, आणि दर गुरुवारी आम्ही एका डॉक्टरीणबाईंकडे जातो. त्या वजन घेतात, पण आकडा मोठ्याने वाचत नाहीत. मी जेवताना कागद वाचत नाही, आणि मुलीच्या ताटाकडेही बघत नाही. जमेल तशी बडबड करतो. ती मला नीट जमत नाही, असे मुलीचे मत आहे.

ही हकिकत मी आजवर अनेकांना सांगितली. माणसे हसतात, हळहळतात, संचालकांना आणि मलाही नावे ठेवतात. मग थोडे पुढे सरकून हळूच विचारतात, "आता वजन किती आहे हो तिचं?" तुमच्याही ओठांवर हाच प्रश्न आला असेल, तर संकोच करू नका, सगळेच विचारतात. वस्तू पुरवल्याच्या आरोपावरून तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवलेल्या, आणि एकही भेटीचा दिवस न चुकवता दाराकडे तोंड करून बसणाऱ्या टकलीला भेटायला कोणी जाते का, हे मात्र अजून एकानेही विचारलेले नाही.