पडताळणी बाकी

महिनाअखेरीला शेरेसाहेब निवृत्त व्हायचे होते, आणि अठरा तारखेला त्यांचं स्वतःचं पेन्शनचं प्रकरण तांबड्या शाईचा शेरा घेऊन त्यांच्याच टेबलावर परत आलं.

शेरेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पेन्शन शाखेत चोवीस वर्षं बसून त्यांनी लोकांच्या प्रकरणांवर एवढे शेरे मारले होते, की खरं आडनाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. 'जन्मतारखेचा पुरावा जोडावा.' 'जोडलेला पुरावा साक्षांकित करावा.' 'साक्षांकन करणाऱ्याचा शिक्का अस्पष्ट, सबब परत.' एकदा तर स्वतः हजर राहिलेल्या माणसाकडून त्यांनी हयातीचा दाखला मागितला होता. तो म्हणाला, "साहेब, मी तुमच्यासमोर उभा आहे." त्यावर ते म्हणाले, "तुम्ही उभे आहात हे मला दिसतंय, फायलीला कुठं दिसतंय?"

आता फाइल त्यांच्याकडे बघत होती. शेरा असा होता: 'सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर कालवा कार्यालयातील पूर्वीची सेवा, एक वर्ष आठ महिने, अशी नोंद आहे. त्यापुढे "पडताळणी बाकी" असे लिहिले आहे. पुराव्याअभावी ही सेवा निवृत्तिवेतनास धरता येत नाही. सबब परत.'

खाली सही शाखेतल्या लिपिक बाईंची. आठ वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा शेरा कुठं, कसा आणि किती कोरडा मारायचा हे तिला साहेबांनीच शिकवलं होतं.

"बाई, ही नोंद माझ्या स्वतःच्या सेवेची आहे," साहेब तिच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले.

"हो सर. नाव वाचलं मी."

"मी तिथं नोकरी केलीय. मला आठवतंय ना."

"आठवण हा पुरावा नाही, असं तुम्हीच म्हणता सर." ती हे खोचकपणे म्हणाली असती तर त्यांना रागावता तरी आलं असतं. तिनं अगदी मनापासून म्हटलं होतं.

साहेबांनी बोटांवर हिशोब केला. पूर्ण पेन्शनला लागणाऱ्या सेवेत ती जुनी नोकरी सोडली तर बरोबर सात महिने कमी पडत होते. सात महिन्यांसाठी पेन्शन जन्मभर तुटपुंजी होणार होती. आणि घरी बायको तीस वर्षं लोकांचे कपडे शिवत होती. आता तिला सुईत दोरा ओवायला चार वेळा चष्मा पुसावा लागे. पूर्ण पेन्शन सुरू झाली की शिवणकाम बंद, असा शब्द त्यांनी तिला दिला होता. तिनं शिवायला नवीन कपडे घेणं याच महिन्यात थांबवलंही होतं.

पुरावा म्हणजे हजेरीपट. कालवा कार्यालय कधीच बंद झालं होतं, पण त्याची सगळी कागदपत्रं याच इमारतीच्या तळघरात येऊन पडली होती. साहेब तडक खाली गेले. रेकॉर्ड रूम सांभाळणारा दप्तरी तिथं सुतळीच्या गुंड्यांमध्ये बसला होता.

"कालव्याचे हजेरीपट? ते गेले की साहेब. सहा वर्षं झाली."

"गेले म्हणजे?"

"म्हणजे लगद्याच्या कारखान्यात. तुमचीच स्वच्छता मोहीम होती ना." दप्तरीनं एक यादी काढून पुढं धरली. बाब क्रमांक एकेचाळीस: 'बंद कालवा कार्यालय, हजेरीपट व पगारपत्रके, निरुपयोगी, नष्ट करावीत.' खाली साहेबांची लांबलचक सही होती. त्या मोहिमेबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं आणि ते त्यांच्या खुर्चीमागं चौकटीत लावलेलं होतं.

साहेब मटकन स्टुलावर बसले. ती यादी करताना आपण एवढी घाई का केली, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या गठ्ठ्यांत एक मेमो होता. तरुणपणी, कालव्यावर असताना मिळालेला. तो शोधायला ते चार रविवार गुपचूप तळघरात आले होते. सापडला नाही, तेव्हा त्यांनी सगळा ढीगच नष्ट करायला लावला, म्हणजे त्यात मेमोही जाईल आणि विषय संपेल. विषय खरंच संपला होता, वीस महिन्यांच्या नोकरीसकट.

"साक्षीदार चालेल का?" त्यांनी वर येऊन बाईंना विचारलं. असा प्रश्न त्यांना शेकडो लोकांनी विचारला होता.

"सोबत काम केलेल्या माणसाचा जबाब चालतो सर. पण त्याला आधार म्हणून एखादा तरी कागद लागेल."

साक्षीदार एकच हयात होता, कालव्याचा जुना चौकीदार. माणूस पाठवून दोन दिवस शोधल्यावर तो सापडला आणि तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून शाखेत हजर झाला. त्याला बघताच साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. याच चौकीदाराच्या पेन्शनचं प्रकरण त्यांनी तीन वेळा परत पाठवलं होतं, तिसऱ्यांदा तर टाचणी गंजलेली आहे म्हणून.

"ओळखलं का साहेब?" चौकीदार म्हणाला. "पाच महिने खेटे घातले मी इथं. ह्याच बाकावर बसायचो."

"नियम होते हो," साहेब पुटपुटले.

"नियम होतेच. मी कुठं नाही म्हणतोय?" तो ऐसपैस बसला. "विचारा बाई. काय सांगू?"

"खरं तेच सांगा. हे कालव्यावर नोकरीला होते?"

"होते की. पाण्याची पट्टी वाचायची आणि दर तासाला वहीत पातळी लिहायची, हे यांचं काम. माणूस चांगला. फक्त जेवण झालं की डोळा लागायचा."

शाखेतली टाइपरायटरची टकटक थांबली. साहेब घसा खाकरून म्हणाले, "तेवढं सविस्तर नको."

"नको कसं? बाईंनी खरं सांगा म्हटलंय. एकदा मोठे अभियंते तपासणीला आले, तर हे पोत्यावर घोरत पडलेले. दुपारचे दोन वाजलेले आणि वहीत संध्याकाळी सहापर्यंतचं पाणी लिहून तयार. मेमो मिळाला होता ना साहेब तुम्हाला?"

"मेमो?" साहेब म्हणाले. "कसला मेमो?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, मेमो असेल तर त्यावर तारीख असेल, नेमणूक असेल. नीट आठवून सांगा."

शाखेतली अकरा माणसं आपापल्या कागदांत डोकं घालून कान टवकारून बसली होती. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून यातल्या प्रत्येकाचा साहेबांनी उद्धार केला होता. जेवणानंतर जांभई दिली म्हणून एकाला त्यांनी लेखी खुलासा मागितला होता. नाही म्हणून टाकलं, तर चौकीदाराचं बोलणं म्हाताऱ्याची बडबड ठरणार होतं आणि अब्रू शाबूत राहणार होती. साहेबांना बायको दिसली, खिडकीपाशी सुई उजेडात धरून एक डोळा मिटणारी. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि ती झोपेची नव्हती.

"होता," ते म्हणाले. "मेमो होता. पण तो आता नाही. तोही मीच नष्ट करवला."

"नाही ओ," दारातून दप्तरी म्हणाला. तो केव्हापासून तिथं उभा होता कोण जाणे. "मेमोबिमो नष्ट करायचे नाहीत, कर्मचाऱ्यांच्या चुका कायम जपून ठेवायच्या, असं परिपत्रक तुम्हीच काढलं होतं मोहिमेच्या आदल्या वर्षी. मी तेव्हाच सगळे वेगळे काढून लोखंडी कपाटात ठेवले. कुलूप लावून."

पाच मिनिटांत कागद वर आला. कडा झिजल्या होत्या, पण अक्षर स्वच्छ होतं. बाईंनी तो मोठ्यानं वाचायला घेतला आणि साहेबांनी डोळे मिटून घेतले. 'सदर कर्मचारी मागील सतरा महिन्यांपासून या कार्यालयात नियमित नेमणुकीवर सलग सेवेत असूनही कामाच्या वेळी गाढ झोपलेला आढळला. त्यास सक्त ताकीद देण्यात येत आहे. मात्र पहिलीच वेळ असल्याने या कारणास्तव त्याच्या सेवेत खंड धरू नये.'

"सतरा," साहेब डोळे न उघडताच म्हणाले. "सातच कमी पडत होते."

"थांबा सर, अजून झालं नाही." बाईंनी कागद उजेडात धरून शिक्का पाहिला, सही पाहिली, तारखेचा हिशोब केला. मग बराच वेळ पेन टेकवून बसल्या. साहेबांना तो विराम ठाऊक होता. त्या विरामानंतर नेहमी 'सबब परत' येतं.

बाईंनी लिहिलं आणि फाइल त्यांच्याकडे फिरवली. तांबड्या नाही, निळ्या शाईत होतं: 'कर्मचारी कामावर झोपलेला आढळला. ज्या अर्थी तो कामावर झोपलेला होता, त्या अर्थी तो कामावर हजर होता, हे सिद्ध होते. साक्षीदाराचा जबाब जुळतो. सेवा निवृत्तिवेतनास धरावी. मान्यतेसाठी सादर.'

साहेबांनी तो शेरा चार वेळा वाचला. त्या शाखेत आजवर लिहिला गेलेला हा सर्वांत चांगला शेरा होता आणि तो त्यांचा नव्हता. चौकीदारानं जबाबावर सही केली आणि टाचणी मात्र बाईंकडून नवी मागून घेतली. मोठ्या साहेबांच्या खोलीतून फाइल तासाभरात मान्य होऊन आली. शेरेसाहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनी चौकीदाराचे दोन्ही हात धरले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, काय झालं हो?"

"झालं. पूर्ण मिळणार."

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं झालं बाई. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. पण पुरावा तर नाही म्हणत होतात. मग कशाच्या जोरावर मिळाली?"

साहेबांनी शाखेवरून नजर फिरवली. अकराच्या अकरा माणसं खाली मान घालून बसली होती आणि सगळ्यांचे खांदे हलत होते.

"झोपेच्या," ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायला लागले.