ब्रिगेडियरसाठी फ्रीज

"फ्रीजमध्ये?" नॉरिस ऑर्मरॉइडच्या कपातला चहा बशीत सांडला. "जिवंत कासव फ्रीजमध्ये ठेवायचं?"

"प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," त्याची बायको थेल्मा म्हणाली. "आणि तू काही डॉक्टर नाहीस. बस चालवायचास."

ब्रिगेडियर हे थेल्माच्या वडिलांचं कासव. वडील गेले तेव्हा भावंडांनी घड्याळं आणि कपबश्या वाटून घेतल्या, थेल्माने कासव मागून घेतलं. दर हिवाळ्यात त्याला गवताच्या पेटीत घालून बागेतल्या शेडमध्ये निजवायचं, अशी रीत होती. पण गेल्या जानेवारीत चार दिवस ऊन पडलं आणि वसंत आला असं समजून गडी जागा झाला. बागेत हिरवं पान नव्हतं आणि परत झोपायची ताकदही नव्हती. तो कसाबसा वाचला. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "पुढच्या वेळी साधारण पाच अंशांची स्थिर थंडी द्या. फार खाली गेलं तर डोळे गोठतील, वर गेलं तर पुन्हा जागा होईल."

क्लिदरोच्या बाजारात विजेच्या सामानाच्या दुकानातला विक्रेता हसतमुख होता.

"काय काय ठेवणार आहात फ्रीजमध्ये?"

"कासव," थेल्मा म्हणाली.

"शिजवलेलं?"

थेल्माने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मागे सरकत कपडे धुण्याच्या यंत्राला जाऊन टेकला. मग घाईघाईने त्याने दुकानातला सगळ्यात देखणा फ्रीज दाखवला. वर बर्फाचा कप्पा, आत पंखा, दारावर दिवे. नॉरिसला दिवे आवडले.

पण ब्रिगेडियरला आत घालण्याआधी परीक्षा घेणं भाग होतं. नॉरिसने कासवाच्या वजनाचा कोबी आणला, खोक्यात माती घालून त्यात निजवला आणि खोकं फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोबी टेबलावर आपटला तर टेबलाला खोक पडली.

"तक्रार काय आहे?" विक्रेत्याने विचारलं.

"कोबी गेला," नॉरिस खिन्नपणे म्हणाला.

त्या फ्रीजच्या बदल्यात वाइनच्या बाटल्यांचा काचेच्या दाराचा फ्रीज घरी आला. थंडी बेताची होती, पण यंत्र सुरू झालं की फ्रीज असा थरथरायचा, की खोकं सरकत सरकत दाराशी यायचं.

"त्याला झोपायचंय," थेल्मा म्हणाली, "आगगाडीने स्कॉटलंडला जायचं नाहीये!"

हसण्याची वेळ मात्र उरली नव्हती. झोपण्याआधी कासवाचं पोट रिकामं असावं लागतं, म्हणून ब्रिगेडियरचं खाणं केव्हाच बंद झालं होतं. तो डोळे मिटून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसायचा आणि मधूनच एक डोळा उघडून थेल्माकडे बघायचा. तो डोळा थेल्माला झोपू देत नव्हता.

रविवारी दोघं नॉरिसच्या थोरल्या बहिणीकडे, एनिडकडे जेवायला गेली. एनिडचं मत गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"कासवाला फ्रीज! उद्या गोगलगाईला इस्त्री आणाल. आमच्या वेळी जनावर झोपलं तर झोपलं, मेलं तर मेलं."

थेल्माने काटा खाली ठेवला. नॉरिस उठला आणि मोहरीची चटणी आणायच्या निमित्ताने मागच्या कोठीत गेला. तिथे आईच्या वेळचा फ्रीज उभा होता. जाड दार, आत ना पंखा ना बर्फाचा कप्पा. गेली कित्येक वर्षं तो रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबासारखा निमूटपणे आपलं काम करत होता. नॉरिसच्या खिशात हल्ली थर्मामीटर असायचाच. त्याने तो आत कुठेतरी खोचला आणि चटणी घेऊन परत आला.

जेवणानंतर एनिड गोड आणायला गेली आणि लगेच परतली. तिच्या हातात ट्रायफलचं काचेचं भांडं होतं आणि कस्टर्डमध्ये थर्मामीटर उभा होता.

"नॉरिस, माझ्या ट्रायफलला ताप आलाय?"

नॉरिसने वाकून आकडा वाचला. "पाच! थेल्मा, बरोब्बर पाच!"

"हा फ्रीज या घरातून हलणार नाही," एनिडने तिथेच ठणकावलं. "ख्रिसमस तोंडावर आलाय."

"मग फ्रीज नको हलवू," थेल्मा म्हणाली. "ब्रिगेडियर येईल."

एनिडने तोंड उघडलं, पण थेल्माचे भरून आलेले डोळे पाहून मिटलं. "खालचा कप्पा. आणि वास आला तर बाहेर!"

कोबी उत्तम गुणांनी पास झाला आणि ब्रिगेडियर आत गेला. थंडी टिकावी म्हणून उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरल्या. आतल्या कासवालाही हवा लागतेच, म्हणून रोज दार उघडून मिटायला थेल्मा पावसातून यायची. आठवड्याभरात एनिड गुरकावली, "भिजून मरशील. मीच उघडत जाईन." मग बीअर बाहेर आली, मग हॅम. ख्रिसमसला ट्रायफल खिडकीच्या कट्ट्यावर दिसलं.

"त्याला अडचण होत होती," एनिड कोणाकडेही न बघता म्हणाली.

जानेवारीत वादळ झालं आणि सकाळी सगळ्या भागाची वीज गेली. बाहेर कडाक्याचा गारठा होता. बंद फ्रीज गरम होण्याची भीती नव्हती, भीती होती ती कोठीत सगळंच गोठण्याची. आडव्या पडलेल्या झाडावरून चढून दोघं धापा टाकत एनिडकडे पोचली.

फ्रीज दिसतच नव्हता. त्याच्यावर एनिडची रजई होती, रजईवर ठेवणीतला लोकरी कोट आणि कोटावर चर्चला घालायची शाल. शेजारी स्टुलावर, साध्या स्वेटरमध्ये, नाक लाल झालेली एनिड बसली होती.

"हळू बोला," ती म्हणाली. "चारच्या वर आहे. मी त्याला खाली जाऊ देणार नाही."

आणि तिने जाऊ दिलं नाही. वीज येईपर्यंत ती तिथून चहापुरतीच उठली.

फेब्रुवारी संपता संपता ब्रिगेडियरला बाहेर काढून ऊब दिली, कोमट पाण्यात बसवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. थेल्माने नॉरिसचा हात घट्ट धरला. मग मान बाहेर आली आणि म्हातारा घटाघटा पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याने डँडेलियनची पानं अशी ओरबाडली, की एनिडने बोट वेळीच मागे घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं ठणठणीत उठलेलं कासव त्यांनी या वर्षी पाहिलं नव्हतं.

"मी पहिल्यापासून सांगत होते," एनिड म्हणाली, "की फ्रीजच हवा."

थेल्माने तिला मिठी मारली. नॉरिस तर आनंदाने वेडा झाला होता. पुढच्या हिवाळ्याची सोय आत्ताच करावी म्हणून त्याने मित्राची व्हॅन आणली, एनिडला नवा फ्रीज देऊ केला आणि जुन्याला दोर बांधला. एनिडने हरकत घेतली नाही. नॉरिस आणि थेल्माने फ्रीज उचलून दारापर्यंत आणला, तेव्हा ती बॅग घेऊन जिना उतरत होती.

"तू कुठे निघालीस?" नॉरिसने विचारलं.

"तुमच्याकडे. खोली आधी बघून ठेवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी तिथेच राहीन. दार कोण उघडणार रोज? तू?"

नॉरिसने थेल्माकडे पाहिलं. मग दोघांनी फ्रीज उचलून परत कोठीत नेला आणि नॉरिसने तो भिंतीला नीट सरळ लावून दिला.