बारा चकत्यांचा केक

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मार्लिस हौगलंडने कॅल्क्युलस शिकायचे ठरवले, तो निर्णय तसा लहानच होता. दातांच्या दवाखान्यातली नोकरी संपली होती, लोकरीच्या टोप्या विणून देण्यासाठी गावात आता डोकी उरली नव्हती, आणि जे गणित शाळेत 'मुलींना कशाला' म्हणून हुकले ते एकदा डोळ्यांखालून घालावे, एवढाच तिचा हेतू होता. अडचण निराळीच होती. तिचा नवरा ऑर्व्हिल हा हॅल्व्हर्सन फॉल्सच्या शाळेत एकतीस वर्षे हाच विषय शिकवीत होता, आणि मार्लिसने नाव घातले ते शेजारच्या गावातील कॉलेजात, ल्युसियन फोर्तिए नामक गृहस्थांच्या संध्याकाळच्या वर्गात.

"घरात विहीर असताना बाहेर पाण्याला जायचं म्हणजे…" ऑर्व्हिलने सुरुवात केली.

"विहिरीनं मला गाडी शिकवली होती, आठवतंय का?" मार्लिस म्हणाली. "चौथ्या धड्याला मी मधेच उतरून दोन मैल चालत घरी आले होते."

(महिना जानेवारीचा होता. मिनेसोटाच्या हाडे गोठवणाऱ्या जानेवारीत जी बाई गाडीतून उतरून चालणे पसंत करते, तिला आत काय ऐकावे लागले असेल याची कल्पना सुज्ञांनी करावी.)

पहिले काही आठवडे ऑर्व्हिलने विषय काढला नाही आणि मार्लिसनेही नाही. ऑक्टोबरात मात्र वर्गात घनाकृतींची घनफळे सुरू झाली, आणि त्या दिवसापासून हौगलंडांच्या जेवणाच्या टेबलावर तिसरा माणूस जेवू लागला.

"आज फोर्तिए सरांनी काय केलं असेल, सांग," मार्लिस बटाटे वाढता वाढता म्हणाली. "वर्गात पेअर आणलं! आधी फळ्यावर त्याची अर्धी कड काढली, म्हणजे नुसती एक वाकडी रेघ. म्हणाले, ही रेघ दांडीभोवती गरगर फिरवा, झालं पेअर. मग सुरी काढली आणि त्याच्या पातळ पातळ चकत्या केल्या. एकेक चकती म्हणजे एक चपटं नळकांडं. त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले जाडी. सगळ्या चकत्यांची बेरीज केली की अख्ख्या पेअरचं घनफळ! आणि मग सगळ्यांनी ते खाल्लं. वा! काय शिकवतो तो माणूस!"

ऑर्व्हिलचा काटा हवेतच थांबला. ज्या मुलखात लोक लग्नाच्या जेवणालाही 'वाईट नव्हतं' याहून मोठी पावती देत नाहीत, त्या मुलखात त्याच्या बायकोने 'वा!' म्हटले होते. चौतीस वर्षांच्या संसारात त्याच्या वाट्याला 'वाईट नाही' एकदाच आले होते, आणि तेही त्याने गटार मोकळे केले तेव्हा.

"चकत्या मीही शिकवतो," तो म्हणाला.

"खायला देतोस?"

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलने तीन पेअर विकत आणली, स्वयंपाकघरात त्यांच्या एकसारख्या चकत्या केल्या आणि मार्लिसची वाट पाहत बसला. ती आली, तिने चकत्या पाहिल्या, "बरं झालं चिरून ठेवलीस," म्हणाली, आणि उचलून जेलीत टाकल्या. तोंडातून एक त्रिज्यासुद्धा बाहेर पडायची संधी त्याला मिळाली नाही. त्या संध्याकाळी त्याने कॉलेजच्या संकेतस्थळावर फोर्तिएचे छायाचित्र शोधून काढले. माणूस पन्नाशीचा दिसत होता आणि डोक्यावर भरगच्च केस होते. (या वयात इतके केस बाळगणे हा ऑर्व्हिलच्या मते शुद्ध उद्धटपणा होता.)

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मार्लिसने जाहीर केले की मंगळवारी घनफळांची परीक्षा आहे, म्हणून रविवारी चर्च सुटल्यावर सगळा वर्ग आपल्याकडे अभ्यासाला आणि कॉफीला येणार आहे.

"सगळा म्हणजे?"

"सहा जण. आणि सर."

'सर' हा शब्द तिने किंचित लांबवला असे ऑर्व्हिलला वाटले. (तिने तो लांबवला नव्हता.) तेव्हाच त्याच्या मनाने घेतले की केक आपण करायचा, मिश्रणाचे माप चकत्यांच्या पद्धतीने काढायचे, आणि तो हिशेबाचा कागद फ्रिजवर अशा ठिकाणी लावायचा की दुधाला हात घालणाऱ्या फोर्तिएला तो वाचल्यावाचून गत्यंतर राहू नये.

भांडेही त्याला हवे तसे मिळाले. मार्लिसच्या आईचे एक जुने, जड, कड्याच्या आकाराचे केकपात्र माळ्यावर होते. त्यात किती मावते हे कुणालाच ठाऊक नव्हते, कारण म्हातारी सगळे अंदाजाने करीत असे.

"त्यात पाणी ओत आणि कपानं मोज," मार्लिसने सुचवले. "दोन मिनिटांचं काम."

"ते मोजणं झालं, मार्लिस. गणित नव्हे."

"केकला फरक पडतो का?"

"मला पडतो."

रविवारी सकाळी, चर्चला दांडी मारून, (पंचवीस वर्षांत प्रथमच, पाद्रीबाईंना सर्दीचे कारण कळवण्यात आले) ऑर्व्हिलने भांडे टेबलावर पालथे घातले. भांडे तीन इंच उंच होते. पाव पाव इंचावर त्याने बाहेरून व्यास मोजायचा कॅलिपर लावला आणि बारा त्रिज्या मांडल्या. बारा चकत्या, प्रत्येकीच्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले पाव. अक्षर मोत्यासारखे होते. बेरीज करून, घनइंचांचे कप करून उत्तर आले: तेरा. आता मधल्या पोकळीच्या तशाच बारा चकत्या काढायच्या आणि वजा करायच्या, एवढेच राहिले होते. त्याने पेन्सिलीला टोक केले. तेवढ्यात चर्चहून परतलेली मार्लिस दिवाणखान्यात फोनवर खळखळून हसली.

ऑर्व्हिलची पेन्सिल थांबली.

"कोण होतं?" तो शक्य तितक्या सहजपणे म्हणाला.

"फोर्तिए सर. विचारत होते, केक कापायला माझी सुरी आणू का. एकसारख्या चकत्या होतात म्हणे तिनं."

"आपल्या घरात सुऱ्या नाहीत?"

"त्यांची दातेरी आहे."

आपल्या घरात, आपल्या केकला, परक्याची दातेरी सुरी! ऑर्व्हिलच्या डोक्यात जे काही चढले ते उतरेपर्यंत पाच मिनिटे गेली, आणि उतरल्यावर त्याने कागदाकडे पाहिले तेव्हा शेवटच्या ओळीत 'तेरा' हे उत्तर दोन रेघांच्या वर नेटके बसलेले होते. दुहेरी रेघ मारलेल्या उत्तराकडे पुन्हा संशयाने पाहावे, असे एकतीस वर्षांत त्याने स्वतःला कधी शिकवले नव्हते. फुगायला जागा हवी म्हणून भांडे दोन-तृतीयांश भरावे, हा नियम. तेराचे दोन-तृतीयांश म्हणजे सुमारे पावणेनऊ कप. त्याने पावणेनऊ कप मिश्रण कालवले.

मिश्रण ओतताना ते काठापासून केसभर खाली येऊन थांबले. मार्लिस डोकावली.

"काठोकाठ झालंय की रे."

"तुला तसं वाटतं. एक-तृतीयांश भांडं रिकामं आहे."

"कुठं?"

"कागदावर बघ," ऑर्व्हिल म्हणाला आणि त्याने भांडे भट्टीत सरकवले. (ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना 'उत्तर आल्यावर वस्तूकडे एकदा बघा' असे सांगितले, त्याने वस्तूकडे पाहिले आणि वस्तूचेच चुकले असे ठरवले.)

पाहुणे तीनला आले. फोर्तिए हे प्रत्यक्षात बुटके, लाजाळू आणि मोठ्या आवाजाला दचकणारे निघाले, पण केस मात्र खरे होते. सुरी त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणली होती. ऑर्व्हिलने त्यांचा हात नेमका जितका दाबायला हवा त्याहून थोडा अधिक दाबला.

"तुमच्याविषयी मार्लिस फार सांगते," फोर्तिए म्हणाले.

"काय?" ऑर्व्हिलने अधीरपणे विचारले.

फोर्तिएंनी आठवून पाहिले. "गाडीचं काहीतरी."

पुढे बोलणे झाले नाही, कारण त्याच वेळी भट्टीतून आधी करपल्याचा वास, मग निळा धूर आणि मग छतावरच्या धूरसूचक यंत्राची किंकाळी आली. ऑर्व्हिलने दार उघडले. केक फुगला होता, काठावरून बाहेर आला होता आणि भट्टीच्या तळाशी पडून पेटण्याच्या बेतात होता. मधल्या पोकळीतूनही तो वर आला होता, आणि कुणीतरी गळा दाबल्यासारखा बुडबुडत होता.

"खिडक्या!" मार्लिस ओरडली.

फोर्तिए दचकून खुर्चीवर चढले आणि टॉवेलाने यंत्राला वारा घालू लागले. केंट ऑडेगार्ड नावाच्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या दांडग्या विद्यार्थ्याने जळते भांडे हातमोजे घातलेल्या हातांनी उचलून अंगणातल्या बर्फात नेऊन बसवले. ते फुसफुसत खाली खचले. बाकीचे पाहुणे खिडकीतून ते दृश्य अदबीने पाहत राहिले.

"बरं दिसत होतं," कुणीतरी म्हणाले. त्या मुलखात याचा अर्थ फार वाईट होतो.

मग केंट दूध घ्यायला फ्रिजकडे गेला, आणि कागदासमोर थांबला.

"हे काय आहे?"

"काही नाही," ऑर्व्हिल पुढे धावत म्हणाला. पण सहाही विद्यार्थी मंगळवारच्या परीक्षेच्या धास्तीत होते. घनफळ दिसले की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळत. ते कागदाभोवती दाटीने उभे राहिले.

"अक्षर सुंदर आहे," एक परिचारिका म्हणाली.

"त्रिज्या बरोबर," दुसऱ्याने सांगितले. "बेरीज बरोबर."

"पण मिस्टर हौगलंड," केंट डोके खाजवत म्हणाला, "भांड्याला मधे भोक आहे ना? मी दिवसभर बोल्टांखाली वायसर बसवतो. भोक विसरून वायसर मोजला तर तो बोल्ट होईल की."

ऑर्व्हिलने फोर्तिएंकडे पाहिले. आता हा हसणार, आणि हसला म्हणजे आपण त्याला त्याच्याच सुरीने कापणार, असे त्याने ठरवले. फोर्तिए हसले नाहीत. खुर्चीवर उभे राहूनच ते अत्यंत हळुवारपणे म्हणाले, "असं माझ्याकडूनही होतं." हे तर हसण्यापेक्षा वाईट होते.

मार्लिस पुढे झाली. तिने ऑर्व्हिलच्या खिशातली लाल पेन्सिल काढून घेतली, भांड्याची पोकळी आठवून तिची त्रिज्या अडीच इंच धरली, आणि सगळ्यांसमोर पोकळीचे घनफळ काढून तेरातून वजा केले. उत्तर आले नऊ. पावणेनऊ कप मिश्रण नऊ कपांच्या भांड्यात! तिने नऊभोवती वर्तुळ काढले आणि ऑर्व्हिलकडे पाहिले. एकतीस वर्षे मुले त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत आली होती, त्या नजरेने तो आता तिच्याकडे पाहत होता.

"वाईट नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला.

मार्लिसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चौतीस वर्षांत त्याने तिला हे कधी म्हटले नव्हते, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आले. पाहुणे गेल्यावर तिने भट्टी घासायला दुसरा ब्रश काढून त्याच्या हातात दिला, आणि दोघे गुडघ्यांवर बसून कोळसा खरवडत राहिले. फोर्तिएंचे नाव तासभर निघाले नाही. ऑर्व्हिलला तो तास फार आवडला.

परीक्षेचा निकाल पुढच्या गुरुवारी लागला. मार्लिस घरात आली तीच कोट न काढता टेबलाशी बसली.

"शंभरातले अठ्ठ्याण्णव. आणि वायसरचं गणित सगळ्यांचं बरोबर आलं. एकही जण भोक विसरला नाही! फोर्तिए सर म्हणाले, असं आजवर कुठल्याच वर्गात झालेलं नाही. आता ते दरवर्षी पहिल्याच दिवशी ती चूक शिकवणार आहेत. तिला नावसुद्धा दिलंय. मीच सुचवलं."

"काय नाव?"

"ऑर्व्हिलची चूक."

एकतीस वर्षे शिकवून गणितात ऑर्व्हिलचे नाव कुठेही लागले नव्हते. आता ते कायमचे लागले होते, आणि बायकोने स्वतः, भर वर्गात, अभिमानाने लावले होते. हळूहळू त्याची मान ताठ झाली.

"नुसतं ऑर्व्हिल?" त्याने विचारले. "ऑर्व्हिल हौगलंडची चूक असं नाही?"

"छे!" मार्लिस कोट काढत म्हणाली. "आडनाव माझंही आहे."